भयपटाची कसोटी

ज्या दिग्दर्शकावर रसिकांचे प्रेम असते, त्याच्याच कामाची झाडाझडती ते अधिक कठोरपणे घेतात. परक्याचा चित्रपट फसला तर प्रेक्षक तिकिटाच्या पैशांपुरता हळहळतो. आपल्या माणसाचा फसला तर मात्र तो रागावतो. बिदर आणि कलबुर्गी या सरहद्दीवरच्या जिल्ह्यांत भयपटांचा विषय निघाला म्हणजे रामगोपाल वर्मा यांच्या वाट्याला हे दुहेरी भाग्य येते. त्यांचा ‘रात’ श्रेष्ठ की ‘भूत’, आणि त्यांचा सर्वांत वाईट भयपट कोणता, या दोन प्रश्नांवर चित्रपटशौकिनांचे एकमत होणे कठीण. वाद वरवर करमणुकीचा आहे. परंतु त्याच्या तळाशी एक गंभीर प्रश्न दडलेला आहे, आणि तो या मुलखात तर विशेषच गंभीर आहे.

वर्मा यांच्याविषयी या भागात इतकी आपुलकी का, याचे उत्तर थोडेफार भूगोलात सापडते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, हैदराबाद संस्थानाचे राज्य विसर्जित झाले आणि जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मराठी प्रदेशाकडे गेले, पूर्वेकडचा तेलुगू भाग आंध्राकडे गेला आणि उरलेला बिदर तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आला. नकाशावरील रेघा बदलल्या तरी कानांच्या सवयी बदलल्या नाहीत. भालकी, औराद, बसवकल्याण या तालुक्यांत आणि आळंदच्या बाजूला कित्येक घरांत आजही मराठी बोलली जाते. शेजारी कन्नड, बाजारात दखनी, आणि पूर्वेची वेस ओलांडली की तेलुगू. अशा प्रदेशातील प्रेक्षकाला एकाच दिग्दर्शकाचे तेलुगू, हिंदी आणि कन्नड असे तिन्ही अवतार पाहता येतात. वर्मा यांचे नाव तेलुगूत झाले, कीर्ती हिंदीत झाली आणि त्यांच्या ‘फूंक’ या हिंदी चित्रपटाचा नायक कन्नड पडद्यावरचा लाडका नट सुदीप हा होता. बिदरपासून हैदराबाद सुमारे १४० किलोमीटर; तेव्हा हा दिग्दर्शक इथल्या माणसाला दूरचा वाटत नाही.

वर्मा यांचा जन्म १९६२ चा. विजयवाड्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ते स्थापत्यशास्त्र शिकले, हैदराबादेत एका मोठ्या हॉटेलच्या बांधकामावर त्यांनी काही काळ नोकरी केली आणि पुढे व्हिडिओ कॅसेट भाड्याने देण्याचे दुकान काढले. देशोदेशींचे चित्रपट पुनःपुन्हा पाहण्याची शाळा त्यांना त्या दुकानातच लाभली. १९८९ मध्ये नागार्जुन यांना घेऊन त्यांनी ‘शिवा’ हा तेलुगू चित्रपट केला. नटाच्या मागे अंतराळी तरंगत जावा तसा न हिसकता चालणारा कॅमेरा भारतीय पडद्यावर तोवर फारसा कोणी वापरला नव्हता. ‘शिवा’त तो दिसला. पुढे त्यांच्या भयपटांत याच कॅमेऱ्याने भुताचे काम केले! पडद्यावर भूत दिसत नाही. परंतु कोणीतरी नायिकेच्या पाठीमागून सावकाश चालत येत आहे असे वाटते. ते चालणे म्हणजेच कॅमेऱ्याची हालचाल होय.

त्यांच्या कामाचे मोल समजण्यासाठी त्यांच्याआधीची परंपरा ध्यानात घेतली पाहिजे. कमाल अमरोही यांचा ‘महल’ १९४९ साली आला, बीरेन नाग यांचा ‘बीस साल बाद’ १९६२ साली, तर राज खोसला यांचा ‘वह कौन थी’ १९६४ साली. पांढरी साडी, धुके, दुरून ऐकू येणारे गाणे ही सगळी सामग्री या चित्रपटांनी रूढ केली. परंतु शेवटी त्यांतील भुताचा उलगडा मानवी कारस्थानातच होत असे. प्रेक्षक दोन-अडीच तास घाबरून घेई आणि अखेरीस बुद्धी शाबूत ठेवून घरी जाई. त्यानंतर रामसे बंधूंचा काळ आला. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२), ‘पुराना मंदिर’ (१९८४), ‘वीराना’ (१९८८) अशा चित्रपटांत भूत खरेच भूत असे. त्याचे सुळे आणि नखे प्रेक्षकाला दाखविली जात, आणि त्याचा मुक्काम जुनी हवेली, पडके देऊळ किंवा तळघर येथे असे. लहान गावांतील चित्रपटगृहांनी हे चित्रपट उचलून धरले.

वर्मा यांनी भुताला हवेलीतून बाहेर काढले आणि भाड्याच्या घरात, बहुमजली इमारतीच्या सदनिकेत आणून बसविले. ही गोष्ट लहान नव्हे. बिदरजवळ अष्टूर येथे बहमनी सुलतानांच्या कबरी आहेत. ‘जालिम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हुमायून शहाच्या कबरीचा घुमट वीज पडून अर्धा कोसळला आहे आणि उरलेला अर्धा आभाळाकडे तोंड वासून उभा आहे. भयपटाला याहून सिद्ध देखावा कोणता मिळणार? तथापि अशा जागी माणूस मनाची तयारी करूनच जातो. तेथे भीती वाटलीच पाहिजे असे त्याने आधीच ठरविलेले असते. उलट स्वयंपाकघर, जिना, उद्वाहन, न्हाणीघर येथे तो बेसावध असतो. वर्मा यांनी नेमकी ही बेसावध जागा हेरली.

आता वादाकडे वळू. पहिला पक्ष ‘रात’चा. १९९२ साली हिंदीत ‘रात’ आणि तेलुगूत ‘रात्रि’ या नावांनी हा चित्रपट आला. नायिका रेवती, आईच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी, मांत्रिकाच्या भूमिकेत ओम पुरी, शिवाय कन्नड-मराठी रंगभूमीशी नाते असलेले अनंत नाग. एक साधे कुटुंब नव्या घरात राहावयास येते आणि कॉलेजात जाणारी मुलगी हळूहळू बदलू लागते, एवढेच कथानक. आरंभीच एक दीर्घ प्रसंग आहे : मुलगी एकटी चालत आहे, आणि जेथे माणसांची वर्दळ हवी तेथे चिटपाखरू नाही. काही घडत नाही. परंतु काही घडत नाही हेच असह्य होते. प्रदर्शित झाला तेव्हा या चित्रपटाला मोठे यश लाभले नाही. त्याची थोरवी नंतर, दूरचित्रवाणीवर आणि कॅसेटवर पाहणाऱ्यांनी ठरविली. त्याच्या चाहत्यांच्या निष्ठेत म्हणूनच थोडा अभिमान मिसळलेला असतो. जगाने ज्याला ओळखले नाही त्याला आपण ओळखले, असा हा अभिमान आहे.

दुसरा पक्ष ‘भूत’चा. हा चित्रपट २००३ सालचा. ऊर्मिला मातोंडकर आणि अजय देवगण हे जोडपे मुंबईतील एका उंच इमारतीत घर घेते. त्या घरात पूर्वी एका स्त्रीचा मृत्यू झालेला असतो. नाना पाटेकर, रेखा, तनुजा, सीमा बिस्वास असे कसलेले कलावंत दुय्यम भूमिकांत आहेत. हिंदी चित्रपट असून त्यात एकही गाणे नाही. गाणे म्हणजे प्रेक्षकाला श्वास घेण्याची सवड. ती सवडच वर्मा यांनी नाकारली. ऊर्मिला मातोंडकर यांच्या अभिनयाला फिल्मफेअरचे समीक्षकांचे पारितोषिक मिळाले आणि ते सार्थ होते. सुंदर दिसण्याची सारी हौस बाजूस ठेवून एक प्रथितयश नटी पडद्यावर विद्रूप झाली आहे.

एक लहानसा तिसरा पक्षही आहे. तो ‘कौन’ (१९९९) या चित्रपटाचे नाव घेतो. त्यात भूतच नाही. एक घर, पाऊस आणि तीन माणसे. शेवट सांगणे हा रसभंग होईल. परंतु वर्मा यांचे खरे सामर्थ्य भुतात नसून संशयात आहे, हे या पक्षाचे म्हणणे विचार करण्याजोगे आहे.

या तिन्ही चित्रपटांत भीती कशी निर्माण होते, हे समजून घेतल्यास वाद पुष्कळ सुटतो. दचकणे आणि भिणे या दोन निराळ्या क्रिया आहेत. दार धाडकन् आपटले की माणूस दचकतो. ती शरीराची प्रतिक्रिया असून क्षणात ओसरते. भीतीला मात्र वेळ लागतो, कारण ती अपेक्षेतून वाढते. आल्फ्रेड हिचकॉक या थोर दिग्दर्शकाने हा भेद एका दाखल्याने समजावून दिला होता. मेजाखाली ठेवलेला बाँब प्रेक्षकाला नकळत फुटला तर त्याला क्षणभर धक्का बसतो. परंतु बाँब ठेवल्याचे त्याला आधी कळले असेल तर मेजाभोवतीच्या माणसांच्या अगदी साध्या गप्पाही त्याला सहन होत नाहीत. चांगल्या भयपटात दचकविणेही असते, नाही असे नाही. १९४२ सालच्या ‘कॅट पीपल’ या अमेरिकन चित्रपटात निर्जन रस्त्याने जाणारी घाबरलेली तरुणी, तिच्यामागे कोणीतरी असल्याचा भास, आणि एकदम गुरगुरल्यासारखा आवाज करीत येऊन थांबलेली बस, असा प्रसंग आहे. प्रेक्षक खुर्चीतून उसळतो. परंतु त्या एका आवाजाआधी दिग्दर्शकाने बराच वेळ शांतता साठवलेली असते. शांतता हे भयपटाचे भांडवल होय. आवाज हा त्यातून केलेला खर्च.

‘रात’ आणि ‘भूत’ या चित्रपटांत हे भांडवल भरपूर आहे. रिकामा जिना दाखविताना कॅमेरा तेथे किंचित जास्त वेळ रेंगाळतो. इतका, की प्रेक्षक पडद्याचे कोपरे तपासू लागतो. घरातील नेहमीच्या वस्तू काही न करताही संशयास्पद होतात. आणि माणसे खरी वाटतात. नवरा-बायकोचे बोलणे, आईची काळजी, मोलकरणीचे वागणे यांत खोटेपणा नसल्यामुळे त्यांच्यावर आलेले संकट प्रेक्षकाला आपलेसे वाटते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. वर्मा यांचा वाईट भयपट कोणता, यासाठी उमेदवार पुष्कळ आहेत. ‘डार्लिंग’ (२००७), ‘अज्ञात’ (२००९), त्रिमिती तंत्राचा ‘भूत रिटर्न्स’ (२०१२), तेलुगूतील ‘आइसक्रीम’ (२०१४), आणि २०२१ सालचा ‘१२ ओ’क्लॉक’ ही नावे हटकून निघतात. या चित्रपटांत साधारणपणे एकच दोष सांगितला जातो. आधीची साठवण न करता खर्च चालू राहतो. पार्श्वसंगीत विनाकारण किंचाळते, कॅमेरा पलंगाखालून, टेबलाच्या पायाआडून, छताला चिकटून पाहतो. परंतु त्या जागेवरून कोण पाहत आहे, याला कथेत उत्तर नसते. पूर्वी कॅमेऱ्याची प्रत्येक हालचाल म्हणजे कोणाची तरी नजर होती. आता ती नुसती हालचाल झाली. तंत्र तेच, पण त्यातून भूत निघून गेले, असे थट्टेने म्हणता येईल.

‘अज्ञात’विषयी मात्र मतभेद आहेत. चित्रीकरणासाठी जंगलात गेलेल्या मंडळींना एक न दिसणारी शक्ती एकेक करून मारीत सुटते आणि ती शक्ती कोणती, हे शेवटपर्यंत कळत नाही. रागावलेले प्रेक्षक म्हणतात, ही फसवणूक झाली. चित्रपटाचे कैवारी म्हणतात, न दिसणारे तेच अधिक भीतिदायक. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. न दाखविणे हा गुण खराच, परंतु न दाखविलेल्या गोष्टीचा आकार प्रेक्षकाच्या मनात तरी तयार झाला पाहिजे. ‘भूत’मध्ये त्या मृत स्त्रीचे दुःख कळते, म्हणून तिचे अस्तित्व जाणवते. ‘अज्ञात’मध्ये जाणवण्यासारखे काही हाती लागत नाही.

येथवरचा वाद कलेचा झाला. यापुढे ज्या चित्रपटाची चर्चा करावयाची त्याने हा वाद कलेच्या पलीकडे नेला आहे, आणि तो म्हणजे २००८ सालचा ‘फूंक’. कारागिरीच्या दृष्टीने तो वर्मा यांचा सर्वांत वाईट चित्रपट नाही. पुष्कळांना तो परिणामकारक वाटतो; सुदीप यांचा संयत अभिनय आणि अमृता खानविलकर, अश्विनी काळसेकर या मराठी अभिनेत्रींची कामे यांमुळे सीमाभागात त्याचे विशेष कौतुकही झाले. चित्रपटगृहात एकट्याने बसून जो हा चित्रपट पुरा पाहील त्याला पाच लाख रुपये, अशी पैज जाहीर करून त्याची जाहिरात झाली होती. कथा अशी : बांधकामाच्या व्यवसायातील एक नास्तिक गृहस्थ आहे. आपल्याला फसविणाऱ्या सहकाऱ्यांना तो कामावरून काढतो. त्यानंतर त्याची लहान मुलगी विचित्र वागू लागते. डॉक्टरांचे उपाय थकतात, मांत्रिक येतो, आणि त्या दुखावलेल्या स्त्रीनेच करणी केली होती असे सिद्ध होते.

यावर असा आक्षेप घेतला जातो की ‘रात’ आणि ‘भूत’ या चित्रपटांतही डॉक्टर हरतो आणि मंत्रतंत्र जिंकते. मग एकट्या ‘फूंक’लाच दोष का? आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर काळजीपूर्वक दिले पाहिजे. ‘भूत’मध्ये संशयाचे बोट मृत व्यक्तीकडे जाते, तीही अन्याय झालेली असते आणि अखेर जो पकडला जातो तो खरा खुनी असतो. ‘फूंक’मध्ये बोट जिवंत बाईकडे जाते. मूल आजारी पडले, कारण कोणीतरी वाईट चिंतले. ते कोणी चिंतले हे मांत्रिक सांगेल. आणि मांत्रिक सांगतो ते खरे ठरते. हीच साखळी खेड्यांतून माणसांचे बळी घेत आली आहे.

बिदर-कलबुर्गीच्या प्रेक्षकाला हे परक्या मुलखातले वाटण्याचे कारण नाही. मराठवाडा, तेलंगण आणि कर्नाटक यांच्या या सांध्यावर ‘भानामती’ हा शब्द माहीत नसलेला माणूस विरळा. घरावर दगड पडणे, वाळत घातलेले कपडे पेटणे, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटणे, बायकांनी कुत्र्यासारखे भुंकणे अशी त्याची वर्णने पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. दगड मारणारा आणि कपडे पेटविणारा हात बहुधा घरातलाच असतो, हे अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्यांनी अनेकवार उघडकीस आणले. भुंकणे किंवा अंगात येणे यामागे फार काळ दाबून ठेवलेले दुःख आणि मनाचा आजार असू शकतो, असे मानसोपचारतज्ज्ञ सांगतात. एकीचे पाहून दुसरीलाही ते होऊ लागते. परंतु ज्या घरावर ‘भानामती करणारे’ असा शिक्का बसे त्याच्या वाट्याला औषध येत नसे. मारहाण आणि बहिष्कार येई. शिक्का बसणारी व्यक्ती बहुधा गरीब, एकटी किंवा विधवा असे.

महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. कर्नाटकात असाच कायदा २०१७ साली संमत झाला व जानेवारी २०२० पासून अमलात आला. हे कायदे देवाधर्मावरील श्रद्धेला हात लावीत नाहीत. श्रद्धेच्या नावाने होणाऱ्या अघोरी छळाला अटकाव करतात. श्रद्धा आणि सावधपणा यांचे वैर नाही. हे समजावयास पाश्चात्त्य भयपटांचे आदिपीठ ठरलेला ‘दि एक्झॉर्सिस्ट’ (१९७३) उपयोगी पडेल. वर्मा यांच्या चित्रपटांवर त्याची छाप स्पष्ट दिसते. त्यात कॅथलिक धर्मगुरू मुलीच्या अंगातील भूत काढतो. परंतु प्रत्यक्षात त्या चर्चचा नियम कडक आहे. बिशपची स्पष्ट परवानगी असल्यावाचून कोणाही धर्मगुरूला असा विधी करता येत नाही, आणि आजाराला भूतबाधा समजू नये अशी ताकीद त्या विधीच्या सूचनांतच आहे. चित्रपटातही आई मुलीला आधी डॉक्टरांकडेच नेते, आणि शेजारच्या कोणा बाईने करणी केली असे कोणी म्हणत नाही.

अंगात येण्याचा विषय निराळ्या रीतीनेही रंगविता येतो, हे कर्नाटकच्या प्रेक्षकाने स्वतःच पाहिले आहे. १९९३ च्या ‘मणिचित्रताळ’ या मल्याळम चित्रपटावरून २००४ मध्ये कन्नडात ‘आप्तमित्र’ निघाला. विष्णुवर्धन आणि सौंदर्या यांचा हा चित्रपट अफाट चालला. त्यातील नायिका झपाटलेली दिसते. परंतु तिला मनाचा आजार झाला आहे हे ओळखणारा एक मनोविकारतज्ज्ञ कथेच्या केंद्रस्थानी आहे. प्रेक्षक घाबरलाही आणि त्याच्या मनात आजारी बाईविषयी करुणाही उत्पन्न झाली. भय आणि विवेक एका पडद्यावर नांदू शकतात, याला याहून जवळचा पुरावा नको.

अर्थात् ‘फूंक’ पाहून कोणी लगेच शेजारणीवर धावून जातो, असे म्हणणे अन्यायाचे होईल. चित्रपट हा कायदा नव्हे आणि प्रेक्षकही दूधखुळा नव्हे. मराठीतील ‘झपाटलेला’ (१९९३) पाहून कोणी बाहुल्यांवर बंदी घातली नाही. भयाची गंमत ही निकोप गंमत आहे. लहानपणी आजीच्या कुशीत बसून भुतांच्या गोष्टी ऐकलेल्या माणसाला ते सांगावयास नको. परंतु जी समजूत आधीच गावात आहे तिला चित्रपट नवे पुरावे पुरवितो का, हे पाहिले पाहिजे. मुंबईच्या प्रेक्षकाला करणी ही कल्पित गोष्ट वाटेल. ज्याच्या गावात एखाद्या म्हातारीशी या संशयावरून बोलणे टाकले गेले आहे त्याला ती तशी वाटणार नाही.

तेव्हा वर्मा यांच्या चाहत्यांनी आपला वाद जरूर चालू ठेवावा. त्यांच्यासारखा दिग्दर्शक वादाला योग्यच आहे. ज्याचे उत्तम काम इतके उत्तम त्याच्याच वाईट कामाची चीड येते. परंतु कसोटी एकाऐवजी दोन असाव्यात. पहिली कसोटी कलेची : भीती शांततेतून वाढविली की नुसत्या आवाजाने उसनी आणली? या कसोटीवर ‘रात’ आणि ‘भूत’ वरच्या पंगतीत बसतात, आणि ‘भूत रिटर्न्स’सारखे चित्रपट बाहेर राहतात. दुसरी कसोटी माणुसकीची. रात्रीचा खेळ सुटल्यावर घरी जाताना प्रेक्षकाला अंधाराची भीती वाटली तर चित्रपट साधला असे समजावे. त्याच वाटेवर राहणाऱ्या एखाद्या एकट्या बाईची भीती वाटली, तर चित्रपट कितीही परिणामकारक असला तरी त्याला चांगला म्हणताना दोनदा विचार करावा. दुसऱ्या दिवशी सकाळी अंधार आपोआप निघून जातो. त्या बाईला मात्र त्याच गावात, त्याच लोकांत राहावयाचे असते.